एका कटकट्या बाईची गोष्ट

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पुढे सतरंजीवर बसलेल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनो, आणि मागे खुर्च्यांवर बसून आतापासूनच जेवणाच्या वासाकडे लक्ष लागलेल्या माझ्या १९९५ च्या बॅचच्या मंडळींनो,

समितीचा फोन आला तेव्हा दोन अटी होत्या. एक, कॉम्प्युटरवर बोलायचं नाही, कारण मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुसरी, ‘माझा जीवनप्रवास’ नको, गेल्या वर्षी असे तीन प्रवास झाले आणि जेवण थंड झालं. दोन्ही अटी रास्त आहेत. म्हणून मी दुसऱ्याच एका बाईंचा प्रवास सांगणार आहे. त्या नायजेरियाच्या. नाव न्गोझी ओकोंजो-इवेला. इग्बो भाषेत न्गोझी म्हणजे आशीर्वाद. नाव जिभेवर बसायला मला आठवडा लागला, तेव्हा तुम्ही हसलात तरी चालेल. सध्या त्या जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक आहेत. त्या पदावरची पहिली बाई आणि पहिली आफ्रिकी व्यक्ती.

आता हिचा आणि त्यांचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध पगारपत्रकाचा आहे. तो सांगण्यासाठी दुसरी अट थोडी मोडावी लागेल.

इंजिनिअरिंग झाल्यावर काही वर्षांनी मी एका मोठ्या संस्थेच्या पगाराच्या प्रकल्पावर होते. संस्थेचं नाव सांगणार नाही. कागदावरचं आणि जुन्या प्रणालीतलं सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं होतं. चढवण्याआधी डेटा तपासायचा असतो, म्हणून मी एक साधी क्वेरी लिहिली: एकाच बँक खात्यात किती जणांचा पगार जातो? नवरा-बायकोचं एखादं जोडखातं सापडेल, एवढीच अपेक्षा होती. एका खात्यात नऊ पगार जात होते. अशी आणखी काही खाती निघाली. एकूण एकतीस माणसं. त्यांतल्या बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जून होती, पण त्याचा मला संशय आला नाही. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख अर्ध्या महाराष्ट्राची आहे, माझ्या वडिलांचीही तीच. खात्यांचं मात्र स्पष्टीकरण नव्हतं. मी वरिष्ठांकडे यादी घेऊन गेले. ते म्हणाले, “आपण हमाल. पेटी उचलायची, इथून तिथे ठेवायची. पेटीत काय आहे ते बघायचं नाही.” मी यादी बंद केली, डेटा चढवला आणि काम बरोबर झाल्याच्या कागदावर सही केली. आधी ते एकतीस पगार कधी पाच तारखेला, कधी दहा तारखेला व्हायचे. आमच्या नव्या सॉफ्टवेअरमुळे ते बरोबर एक तारखेला होऊ लागले.

पुढे कितीतरी वर्षांनी एक पुस्तक हातात आलं, ‘फायटिंग करप्शन इज डेंजरस’. २०१८ सालचं, याच न्गोझीबाईंनी लिहिलेलं. त्यात नायजेरिया सरकारचं पगारपत्रक होतं. दुसऱ्यांदा अर्थमंत्री असताना त्यांनी सरकारी नोकरांचे पगार बायोमेट्रिक पद्धतीने तपासलेल्या एकाच संगणक प्रणालीतून द्यायला लावले. या प्रणालीची सुरुवात आधीच झाली होती, पण ती एकेका खात्यात पसरवायची म्हणजे एकेका खात्याशी भांडण. बोटांचे ठसे द्यायला माणूस स्वतः यावा लागतो. साठ हजारांहून जास्त माणसं कधी आलीच नाहीत. कारण ती नव्हतीच. कागदावर जन्मलेली, कागदावर बढती मिळालेली. आपल्याकडे रोजगार हमीच्या कामांवर बोगस मस्टर म्हणतात, तसं हे अख्ख्या देशाचं बोगस मस्टर. वाचलेला पैसा अब्ज डॉलरच्या घरातला. हे वाचून मी पुस्तक उलटं ठेवलं आणि उठून चहा टाकला. माझी एकतीस माणसं आठवली.

त्यानंतर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. मुलांनो, लहानपणापासून सांगते, आणि लहानपणापुरतं ‘ती’ म्हणते.

जन्म १९५४ चा, ओग्वाशी-उक्वू नावाच्या गावी. आईवडील दोघेही शिकायला युरोपात गेलेले, म्हणून ती नऊ वर्षांची होईपर्यंत आजीकडे वाढली. पाणी आणायचं, जळण आणायचं. आईवडील परत आले, प्राध्यापक झाले, घरात पुस्तकं आली. आणि १९६७ मध्ये बियाफ्राचं युद्ध सुरू झालं. वडील बियाफ्राच्या सैन्यात. साठवलेलं सगळं गेलं, दिवसाला एकदाच जेवण. ती पंधरा वर्षांची असताना तीन वर्षांच्या बहिणीला मलेरिया झाला. आई आजारी, वडील घरी नाहीत. एका चर्चमध्ये डॉक्टर आहे असं कळलं, तेव्हा बहिणीला पाठीला बांधून ती सुमारे दहा किलोमीटर चालत गेली. दारात हजारभर माणसांची रेटारेटी. ती लोकांच्या पायांमधून रांगत पुढे गेली आणि खिडकीतून आत शिरली. इंजेक्शन मिळालं, शरीरात पाणी गेलं, बहीण वाचली. त्यांनी ही गोष्ट जाहीर भाषणातही सांगितली आहे. मला त्यातली खिडकी फार आवडते. सरळ दार बंद असलं की पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केलं.

मग हार्वर्ड, १९७६ ला अर्थशास्त्राची पदवी. १९८१ ला एमआयटीतून डॉक्टरेट. विषय नायजेरियातल्या शेतीचा कर्जपुरवठा, म्हणजे शेतकऱ्याला पैसा कुठून आणि कसा मिळतो. त्यानंतर जागतिक बँक. तिथे जवळजवळ पंचवीस वर्षं, खालच्या पायरीपासून वर. लग्न मेंदूच्या डॉक्टरांशी, मुलं चार. चार मुलं सांभाळून हे सगळं, असं म्हणण्याचा मोह मी आवरते, कारण पुरुष अर्थतज्ज्ञांबद्दल कोणी तसं म्हणत नाही.

२००३ मध्ये अध्यक्ष ओबासांजो यांनी त्यांना अर्थमंत्री केलं. देशात पहिल्यांदाच बाई त्या खुर्चीवर. देश तेलाचा, पण कर्जात बुडालेला. ‘पॅरिस क्लब’ म्हणजे कर्ज देणाऱ्या श्रीमंत सरकारांचा गट. त्यांचं सुमारे तीस अब्ज डॉलर देणं. मूळ मुद्दल फार पूर्वीचं, लष्करी राजवटींच्या काळात थकलेलं, त्यावर व्याज, थकल्याचा दंड, दंडावर व्याज. सावकाराच्या वहीची रीत आपल्याला सांगायला नको.

नुसती माफी मागायला गेलं तर कोण देणार? त्यांनी आधी घरचा हिशोब लावला. तेलाचा बाजारभाव काहीही असो, अंदाजपत्रक कमी भाव धरून करायचं, वरचे पैसे बाजूला ठेवायचे. भाव चढला की उधळायचं आणि पडला की उसनं मागायचं, हे थांबवायचं. आणखी एक साधी गोष्ट केली. दर महिन्याला कोणत्या राज्याला, कोणत्या स्थानिक सरकारला किती पैसे दिले, ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली. एवढंच. लोक ते तक्ते वाचायला पेपर विकत घेऊ लागले. आपल्या गावच्या शाळेसाठी पैसे आलेच नाहीत म्हणणाऱ्या पुढाऱ्यासमोर लोक कागद धरू लागले. मी तीस वर्षांत बऱ्याच भारी प्रणाल्या बघितल्या, पण इतकी स्वस्त आणि इतकी चालणारी विरळाच.

२००५ मध्ये पॅरिस क्लबशी करार झाला. अठरा अब्ज डॉलर माफ. उरलेले सुमारे बारा अब्ज नायजेरियाने भरून टाकायचे, आणि वही बंद. त्यावरही टीका झाली. गरीब देशाने एका झटक्यात बारा अब्ज का द्यावेत, त्यात किती दवाखाने झाले असते? प्रश्न खोटा नाही. पण दंडावर दंड चढत राहिला असता तर दवाखाने तसेही झाले नसते, असं माझं मत. त्याच काळात त्यांचा पगार डॉलरमध्ये होतो म्हणून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे पगारपत्रकाचा प्रश्न त्यांच्याही दारात आला होता. ज्यांचे धंदे बंद पडले त्यांनी त्यांना नाव ठेवलं, ‘ओकोंजो-वहाला’. वहाला म्हणजे तिथल्या बोलीत कटकट, त्रास. आपल्या भाषेत कटकटी बाई. हे नाव त्या स्वतःच लोकांना हसत सांगतात.

२००६ मध्ये त्यांना अर्थखात्यातून परराष्ट्र खात्यात हलवलं, आणि काही आठवड्यांतच त्यांनी राजीनामा दिला. पुन्हा जागतिक बँक, या वेळी व्यवस्थापकीय संचालक. २०११ मध्ये अध्यक्ष जोनाथन यांनी परत बोलावलं, आणि त्या परत गेल्या. का गेल्या, हा प्रश्न मला पडतो. वॉशिंग्टनची नोकरी सोडून, आधी एकदा हात पोळलेल्या ठिकाणी.

यानंतर जे झालं त्यात मी त्यांची बाजू घेणार नाही. १ जानेवारी २०१२ ला सरकारने पेट्रोलवरचं अनुदान एका फटक्यात काढलं. लिटरला ६५ नायराचं पेट्रोल १४१ झालं. नाताळासाठी लोक शहरांतून गावी गेलेले. आपल्या भाषेत सांगायचं तर गणपतीला आलेले चाकरमानी परत मुंबईला निघाले आणि सकाळी एसटीच्या तिकिटाचे पैसे दुप्पट झाले. देश रस्त्यावर आला, संप झाले, दोन आठवड्यांत भाव ९७ वर आणावा लागला. अनुदानाचा मोठा वाटा श्रीमंतांच्या आणि दलालांच्या खिशात जातो, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण ज्या माणसाला सरकारकडून दुसरं काहीच मिळत नाही, त्याच्या हातातली एकुलती एक गोष्ट तुम्ही न विचारता काढून घेता, तेव्हा तुमचं कोष्टक बरोबर असून उपयोग नसतो. आम्ही सॉफ्टवेअरवालेही असं करतो. रात्री बारा वाजता नवी आवृत्ती चढवतो आणि सकाळी लोक ओरडले की म्हणतो, सूचना तर दिली होती.

त्या वादळातून एक बाहेर आलं. अनुदानाची बिलं तपासली गेली आणि न आणलेल्या इंधनाचे पैसे उचलणारे व्यापारी सापडले. जहाज आलंच नाही, बिल मात्र आलं. न्गोझीबाईंनी ती बिलं अडवली. डिसेंबर २०१२ मध्ये गावातल्या घरातून त्यांच्या आईला पळवून नेलं. आई निवृत्त प्राध्यापिका, वय ऐंशीच्या पुढे. पळवणाऱ्यांची मागणी अशी, की मुलीने दूरचित्रवाणीवर येऊन राजीनामा द्यावा आणि देश सोडावा.

मुलांनो, हे तुम्हाला सिनेमासारखं वाटेल. मागच्या मंडळींना वाटणार नाही, कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी त्या वयाचं कोणीतरी आहे. कोणतं औषध किती वाजता लागतं ते आपल्याला पाठ आहे. राजीनामा दिला नाही. पाच दिवसांनी आई सुटली. राजीनामा न देणं बरोबर होतं का, हे मला ठरवता येत नाही. माझ्या आईवर वेळ आली असती तर मी त्याच दिवशी सही केली असती, एवढं मला माहीत आहे. माझ्यावर तर कोणी बंदूकही रोखली नव्हती. एका माणसाने पेटीची उपमा दिली आणि मी सही केली.

त्यांची ही दुसरी कारकीर्द स्वच्छ यशाची नव्हे. २०१४ मध्ये त्यांच्याच मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांनी तेलाच्या उत्पन्नातले अब्जावधी डॉलर सरकारी खात्यात पोचलेच नाहीत, असं जाहीर म्हटलं. अर्थमंत्री म्हणून त्यांनी तपासणीची मागणी केली, पण त्यांच्या डोळ्यांसमोर हे झालं कसं, असं विचारणारे आजही नायजेरियात पुष्कळ आहेत. विचारावंच.

मध्ये २०१२ ला जागतिक बँकेच्या अध्यक्षपदासाठी त्या उभ्या राहिल्या. ते पद कायम अमेरिकेच्या उमेदवाराला, हा अलिखित नियम. नियम टिकला, त्या हरल्या. पुढे गावी या लसीकरणाच्या जागतिक संस्थेच्या मंडळाच्या त्या अध्यक्ष झाल्या. (गावी म्हणजे संस्थेचं नाव, आपलं गाव नव्हे. मागे कोणीतरी हसलं.)

आणि मग जागतिक व्यापार संघटना. २०२० मध्ये आधीचे महासंचालक मुदतीआधी पायउतार झाले. आठ उमेदवार होते. शेवटी दोन उरल्या, दोघीही बायका, दुसऱ्या दक्षिण कोरियाच्या यू म्युंग-ही. ऑक्टोबरमध्ये न्गोझीबाईंच्या नावाला सर्वांत जास्त पाठिंबा असल्याचं जाहीर झालं. पण या संघटनेत बहुमत चालत नाही, सर्वांची संमती लागते. अमेरिकेने नकार दिला. सगळं तीन-चार महिने अडकलं. अमेरिकेत सरकार बदललं, यू यांनी माघार घेतली, आणि १५ फेब्रुवारी २०२१ ला निवड झाली. त्या सुमारास स्वित्झर्लंडच्या काही वर्तमानपत्रांनी मथळा दिला, की ही आजी आता या संघटनेची प्रमुख होणार. नंतर माफी मागितली. आमच्या बॅचमध्ये एक जण आजी झाली आहे. तिने हे ऐकून विचारलं, “मग त्यात चुकलं काय, आजीच प्रमुख असते!”

या पदाचं मला नवल वाटतं ते असं, की महासंचालकांना मतच नसतं. हुकूम देता येत नाही. १६६ सदस्य, त्यांतला कोणीही एक हात वर करून गाडी थांबवू शकतो. वाद निवडणारं अपील मंडळ तर २०१९ च्या डिसेंबरपासून बंद पडलेलं, कारण अमेरिकेने त्यावरच्या नेमणुका अडवल्या. अशा ठिकाणी काम म्हणजे रात्र रात्र लोकांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं. जून २०२२ ची जिनिव्हाची मंत्रिपरिषद १५ तारखेला संपायची होती, ती १७ ला पहाटे संपली.

आपला दोन ठिकाणी याच्याशी संबंध आला. पहिला लशीचा. त्यांनी १ मार्च २०२१ ला सूत्रं घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या देशात जवळजवळ ३९ लाख डोस उतरले, मुंबईहून गेलेले, पुण्यात सीरममध्ये तयार झालेले. त्याआधी घानाला पहिली खेप गेली तीही पुण्याचीच. मग आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. आफ्रिका लशीविना बसली, आणि श्रीमंत देशांकडे गरजेपेक्षा जास्त साठे होते, हे न्गोझीबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्या एप्रिलमध्ये मी पुण्यात होते. रात्री जागून अॅपवर आईसाठी लशीची वेळ शोधत होते. निर्यात थांबली हे ऐकून मला बरं वाटलं होतं. तेही आज सांगून टाकते.

दुसरा संबंध आपल्या जेटीचा. जिनिव्हाच्या त्या पहाटे मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला. चोरटी, बेहिशोबी मासेमारी करणाऱ्यांना आणि आधीच उपसून संपलेल्या माशांच्या मागे लागणाऱ्यांना सरकारांनी पैसे द्यायचे नाहीत. तो १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. अवघड भाग अजून बाकी आहे: अति बोटी, अति मासेमारी वाढवणारी अनुदानं. भारताचं म्हणणं, लांबच्या समुद्रात जाऊन दशकानुदशकं उपसणारे दुसरेच, आमच्या छोट्या मच्छीमारांना २५ वर्षांची सवलत द्या. माझ्या बाकावरची मैत्रीण मच्छीमाराची मुलगी. काल तिच्या घरी जेवायला होते. मी हे सगळं तिच्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, “डिझेलचा परतावा वेळेवर मिळत नाही, तो जिनिव्हावाल्यांनी बंद काय करायचा!” मग थोडा थांबून म्हणाला, “पण ताई, पर्ससीनवाले थांबवणार असतील तर तुझ्या बाईला इकडे घेऊन ये.” एवढ्या दोन वाक्यांत त्याने त्या परिषदेतलं निम्मं भांडण सांगितलं.

न्गोझीबाईंना दुसरी मुदत मिळाली आहे, २०२५ च्या सप्टेंबरपासून चार वर्षांची. आयात शुल्काच्या भांडणांमुळे आता त्यांची संघटनाच टिकते का, असं लोक विचारतात.

माझी ती यादी माझ्याकडे नाही. त्या काळी मी ती पुसून टाकली होती. आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिच्याबद्दल चार लोकांत बोलले, तेही संस्थेचं नाव न घेता, म्हणजे अर्धंच. आता पगाराचा प्रकल्प आला की ती क्वेरी मी सगळ्यात आधी चालवते आणि उत्तर लेखी पाठवते. दोनदा त्यावरून प्रकल्पातून काढलं. एकदा कोणीच काही बोललं नाही, आणि पुढच्या महिन्यात ती खाती बंद झालेली दिसली.

बाईंनी घड्याळाकडे बघितलेलं मला दिसलं, अजूनही तशीच भीती वाटते. पुस्तक मी वाचनालयाला दिलं आहे. इंग्रजीत आहे, पण अवघड नाही, दहावीच्या मुलांना अडेल तिथे शब्दकोश घ्या. पगारपत्रकाचा भाग शोधायला अडचण येणार नाही, त्या पानांवर माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. आणि १९९४ मध्ये वाचनालयाचं एक पुस्तक माझ्याकडून हरवलं होतं, त्याचा दंड मी आज सकाळी भरायला गेले, तर ग्रंथपाल सरांनी जुनी नोंदवही काढून दाखवली. माझं नाव त्यात अजून आहे.